श्वान-कुलवृत्तांत

मराठी माणसाला आयुष्यात एकदा तरी कुलवृत्तांत काढावासा वाटतो. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष पेन्शनच्या कागदांत जाते, दुसरे गुडघ्याला तेल चोळण्यात जाते, आणि तिसऱ्या वर्षी गृहस्थ कुलवृत्तांताला हात घालतो. आमच्या घराण्याचाही असा एक जाडजूड ग्रंथ आहे. मूळ पुरुष कोकणातून घाट चढून वर कधी आला, त्याला कुठल्या गावचे कुलकर्णपण मिळाले, कोण मामलेदार झाला, कोण काशीला जाऊन परत आला आणि कोण परत आला नाही, इथपासून ते आमच्या एका चुलत आजोबांनी गव्हर्नरसाहेबांची मोटार रस्त्याच्या कडेला उभे राहून कशी पाहिली इथपर्यंत सगळा मजकूर त्यात आहे. नाही ते एवढेच, की आमच्या घराण्यात पन्नाशी उलटली की पायाचा अंगठा सुजतो. एकजात सगळ्यांचा. डॉक्टर त्याला गाउट म्हणतात आणि रक्तातले युरिक ॲसिड वाढले असे सांगून ताटातले एकेक वाटी कमी करीत जातात. तीनशे पानांच्या त्या ग्रंथात या अंगठ्याबद्दल एक ओळ नाही.

ग्रंथाचे संपादक म्हणजे आमचे काका. त्यांना मी एकदा हे विचारले. ते म्हणाले, "अरे, हा कुलवृत्तांत आहे. दवाखान्याचा केसपेपर नव्हे!" हे बोलताना त्यांचा स्वतःचा डावा पाय पाटावर उशी घेऊन, तिच्यावर ठेवलेला होता.

कुलवृत्तांत एका वहीत आणि केसपेपर दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्यांची कधी गाठ पडू द्यायची नाही, ही रीत एकट्या आमच्या काकांची आहे असे समजू नका. इंग्रज लोकांनी आपल्या कुत्र्यांच्या बाबतीत जवळजवळ शंभर वर्षे हेच केले. हा इतिहास मला कळला तो आमच्या भाच्यामुळे. हा भाचा परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. घराण्यातल्या बाकीच्या डॉक्टरांपेक्षा आमचा विश्वास त्याच्यावर अंमळ जास्त आहे, कारण पेशंटला काय होतंय हे पेशंटला न विचारता ओळखणारा तो एकटाच.

तर इतिहास असा. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल गावी कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. रीतसर म्हणजे परीक्षक, बक्षिसे आणि बक्षीस न मिळालेल्यांची कुरबुर यांच्यासह. त्यात फक्त दोन जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर. दोन्ही शिकारी कुत्रे, म्हणून बक्षीसही बंदुकीचे. निकाल मोठा प्रेमाचा लागला. पॉइंटरांचे बक्षीस मिळाले सेटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्याला, आणि सेटरांचे बक्षीस मिळाले पॉइंटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्याला. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

अशी प्रदर्शने मग गावोगाव भरू लागली. कुठला कुत्रा कोणाचा कोण, यावरून भांडणे होऊ लागली. तेव्हा १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने कुत्र्यांची पहिली 'स्टड बुक' छापली. स्टड बुक म्हणजे निव्वळ कुलवृत्तांत. अमुक कुत्रा, त्याचा बाप अमुक, आई तमुक, मालक फलाणे, बक्षिसे इतकी. हळूहळू असा दंडक पडला, की ज्या पिल्लाचे आई-बाप दोघेही वहीत आहेत, तेच पिल्लू वहीत जाणार. बाहेरच्याला मज्जाव. शिवाय प्रत्येक जातीचा एकेक आदर्श शब्दांत लिहून ठेवला: कान कसा पडावा, शेपूट कुठपर्यंत यावी, ठिपका केवढा असावा. कानाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत परीक्षकाने डोळ्यांनी पाहायचे आणि हातांनी चाचपायचे. डोळ्यांना न दिसणारे म्हणजे आतले खुबे, डोळ्याच्या पडद्यामागची नस, काळीज, मूत्रपिंड, यांच्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

आता यात एक गंमत आहे, आणि ती कुठल्याही लग्न जुळवणाऱ्या मावशीच्या चटकन लक्षात येईल. आपल्याकडे सगोत्र म्हटले की मंडळी पाच पावले मागे सरतात. मामाच्या मुलीपर्यंत धाव जाते काही घरांत, पण त्यापुढे नाही. इंग्रजांनी कुत्र्यांच्या बाबतीत बरोबर उलटा नेम धरला. एखादा कुत्रा बक्षीस घेऊन आला की त्याची जोड त्याच्या मुलीशी, तिचे पिल्लू पुन्हा आजोबाशी, नाहीतर सख्ख्या भावा-बहिणींची आपसांत. का, तर तोच कान आणि तीच शेपूट पुन्हा मिळावी. गोत्र एकच असले पाहिजे, नाही तर सोयरीक मोडली! अशा सख्ख्या नात्यातल्या पिल्लांची नोंदणी करणे केनेल क्लबने बंद केले ते मार्च २००९ मध्ये. अठराशे नव्हे, दोन हजार नऊ.

भाच्याने मला यातली गोम एकदा चहाच्या दोन कपांवर समजावून दिली. दोष दोन तऱ्हेचे असतात म्हणे. काही उघडे, काही छुपे. छुपा दोष एकाच पालकाकडून आला तर जन्मभर गप्प बसतो, कुत्रा ठणठणीत. तोच दोष आई आणि बाप दोघांकडून आला की डोके वर काढतो. आणि आई-बाप एकाच आजोबाची नातवंडे असली, तर दोघांकडून तो येण्याची सोय घरच्या घरी होते. बक्षीस मिळवणारा कुत्रा चार वर्षांत दोनशे पिल्लांचा बाप होतो. त्याने आपला छुपा दोष किती जणांना वाटला हे कोणी मोजीत नाही. लाल शाईने त्याचे नाव मात्र सगळ्यांच्या कागदावर येते. हो, विलायती वंशावळीत चॅम्पियन कुत्र्याचे नाव लाल शाईने लिहायची पद्धत आहे. आमच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईचा अर्थ निराळा होता.

साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा एक लाडका कुत्रा होता. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. खंड्याचा आजा कोण आणि पणजी कोण हे महाराजांनी कोणाला विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. पण तो राजाचा कुत्रा होता, प्रदर्शनातला नव्हता. दोन्ही धंदे वेगळे.

शरीराला विचारायची पहिली वेळ आली ती आंधळेपणामुळे. आयरिश सेटर हा तांबूस रेशमी केसांचा मोठा देखणा कुत्रा. पण काही घराण्यांतली पिल्ले वाढताना संध्याकाळी खुर्चीवर आदळायला लागायची, मग दिवसाही, आणि वर्षभरात पार आंधळी. डोळ्याचा पडदा आतून झडत जाई. दोष छुपा, म्हणजे आई-बाप डोळस. मग यातला दोषी कोण हे ओळखायचे कसे? १९४० च्या दशकात इंग्लंडातल्या सेटरवाल्यांनी एक उपाय चालवला. संशयित कुत्र्याची जोड मुद्दाम आंधळ्या कुत्रीशी लावायची. कुत्र्यात छुपा दोष असेल तर साधारण निम्मी पिल्ले आंधळी होणार. पाच-सहा पिल्ले ओळीने डोळस निघाली तर कुत्रा निर्दोष. छापा-काट्याचा हिशेब आहे, सहा वेळा ओळीने छापा पडायची शक्यता चौसष्टात एक.

हे ऐकून मी भाच्याला विचारले, "आणि आंधळी निघाली तर?"

"तर कुत्र्याचं लग्न बंद."

"कुत्र्याचं राहू दे रे. त्या पिल्लांचं काय?"

भाच्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, परीक्षा म्हणजे तीच पिल्लं."

एका कुत्र्याची खात्री पटवायला एक वेत आंधळे जन्माला घालायचे, आणि त्यासाठी एक आंधळी कुत्री सांभाळून ठेवायची. ज्यांनी हे केले त्यांना मी दोष देणार नाही. डोळे मिटून पिल्ले विकणाऱ्यांपेक्षा ते शंभर पटींनी बरे. पन्नास वर्षांनी, १९९३ साली, सेटरच्या या आंधळेपणाचा नेमका जनुक सापडला आणि रक्ताच्या थेंबावर काम भागू लागले. कुत्र्यांच्या आनुवंशिक रोगांत इतक्या नेमकेपणाने सापडलेल्या पहिल्या काही दोषांत तो आहे.

दुसरी कथा खुब्याची. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही. वाटी उथळ, गोळा सैल. पिल्लू लहानपणी सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळते, सगळे 'किती गोड' म्हणतात, आणि तीन-चार वर्षांनी त्याला जिना चढवत नाही. बोस्टनच्या जेरी श्नेल नावाच्या पशुवैद्याने १९३५ साली हे प्रथम लिहिले. त्यानंतर तीस वर्षे गेली. १९६५ साली इंग्लंडात पशुवैद्यांची संघटना आणि केनेल क्लब यांनी मिळून खुब्याच्या तपासणीची योजना काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन ऑलिन या गृहस्थांनी त्यासाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभे केले. ऑलिन शिकारीचे आणि लॅब्रॅडॉरचे शौकीन, आणि त्यांचे स्वतःचेच आवडते लॅब्रॅडॉर लंगडू लागले होते. त्यांची कंपनी विंचेस्टर बंदुका करणारी. म्हणजे पहिल्या प्रदर्शनाचे बक्षीस बंदुकीचे आणि तपासणीचे पैसेही बंदुकीचे. मध्ये एकशेसात वर्षे.

तपासणी अशी: कुत्र्याला गुंगी द्यायची, उताणे झोपवायचे, मागचे पाय सरळ ओढायचे, गुडघे आत वळवायचे आणि एक्स-रे काढायचा. भाच्याकडे मी अशी प्लेट पाहिली आहे. कुत्रा अगदी शवासनात असतो, फक्त शवासनात माणसाची जीभ बाहेर येत नाही. इंग्लंडात ती प्लेट तज्ज्ञांपुढे जाते आणि ते एकेका खुब्याच्या नऊ बाबी तपासून दोष मोजतात. एका खुब्याला जास्तीत जास्त त्रेपन्न, दोन्हींचे मिळून एकशेसहा. शून्य आले तर उत्तम, एकशेसहा आले तर कुत्र्याला बसता येत असेल तर नशीब.

आपल्याकडे पत्रिकेला छत्तीस गुण, आणि अठरा जुळले की मंडळी आमरस-पुरीला बसतात. यांचे एकशेसहा, आणि ते जितके कमी तितके स्थळ चांगले. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोष मोजता. आमच्यात गुण मोजतात." शास्त्रांच्या तुलनेवर इतके थोडक्यात कोणी बोललेले मी ऐकलेले नाही.

एक सांगायला हवे. खुब्याचा हा हिशेब सेटरच्या डोळ्याइतका साधा नाही. एकच जनुक नाही, पुष्कळ आहेत, शिवाय खाणे, वजन, व्यायाम. दोन चांगल्या खुब्यांच्या पोटी वाईट खुबा निघतो. म्हणून नुसते आई-बाप पाहून चालत नाही, भावंडे पाहावी लागतात, मावशी-आत्या पाहावी लागतात. थोडक्यात, जे आपल्या आजीला मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आपोआप कळायचे त्याला अमेरिकेत प्रतिष्ठान काढावे लागले.

आता मुख्य कथेकडे येतो. ती डाल्मेशियनची आहे, आणि तिचा माझ्या अंगठ्याशी संबंध आहे.

आमच्या शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त मेजरसाहेब राहतात. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी डाल्मेशियनचे पिल्लू आणले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो कुत्रा तुम्ही पाहिला नसला तरी तुमच्या नातवंडांनी पाहिलेला आहे. डोडी स्मिथबाईंनी १९५६ साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली, १९६१ साली डिस्नेने तिचा चित्रपट काढला, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक पोराला एकशे एक नाही तरी एक हवाच असतो. मेजरसाहेबांनी त्याचे नाव ड्यूक ठेवले आणि त्याची वंशावळ चौकट करून दिवाणखान्यात लावली. चार पिढ्या, तीस नावे, त्यांतली अकरा लाल. त्याच भिंतीवर मेजरसाहेबांच्या वडिलांचा फोटो होता, पण जरा बाजूला.

ड्यूक चार वर्षांचा असताना एका शनिवारी रात्री मेजरसाहेबांनी आमचे दार ठोठावले. "राव, तुमच्या भाच्याला फोन लावा. ड्यूकला लघवी होत नाहीये." आम्ही गेलो तेव्हा ड्यूक अंगणात एकेका कुंडीपाशी जाऊन उभा राहत होता. उभा राही, वाट पाही, आणि पुढच्या कुंडीकडे जाई. आवाज करीत नव्हता. लढाईत काय काय पाहिलेले मेजरसाहेब त्याच्यामागून बॅटरी घेऊन हिंडत होते आणि प्रत्येक कुंडीपाशी म्हणत होते, "हो रे राजा, हो." भाचा अडीच वाजता पोचला. नळी घालून मोकळे केले, दोन दिवसांनी ऑपरेशन करून हरभऱ्याएवढे अकरा खडे काढले. मी उगाच भिंतीकडे पाहिले. लाल नावेही अकराच होती.

खडे युरिक ॲसिडचे होते.

"कलेजी बंद," भाच्याने मेजरसाहेबांना सांगितले, "पाणी भरपूर, आणि खाणं मी लिहून देतो तेच." मी म्हटले, "अरे, हे तर मला दिलेलं पथ्य आहे!" तेव्हा भाच्याने मला ड्यूकचे आणि माझे नाते सांगितले. बहुतेक जनावरांच्या यकृतात युरिक ॲसिड मोडून टाकायची सोय असते. माणूस आणि त्याचे वानरकुळातले थोरले भाऊबंद यांनी ती कधी काळी गमावली, म्हणून आमचे अंगठे सुजतात. कुत्र्यांत ती शाबूत आहे. डाल्मेशियनमध्येही आहे. पण त्याच्या यकृताच्या पेशींत युरिक ॲसिड आत नेणारे दारच बिघडलेले. कारखाना चालू, फाटक बंद, आणि सगळा माल लघवीवाटे बाहेर. माद्यांचे बहुतेक निभावते. नराची मूत्रनलिका एका बारीक हाडाच्या खोबणीतून जाते, तिथे खडा अडकतो. प्रत्येक नराला खडे होतातच असे नाही. पण ज्याला होतात त्याला कुंड्या मोजाव्या लागतात.

"मग आई-बापाची तपासणी का नाही केली?" मेजरसाहेबांनी विचारले. त्या आवाजात कोर्टमार्शल होते.

"करून उपयोग नव्हता, साहेब. सगळेच नापास आहेत."

हे मात्र मला नवीन होते. डाल्मेशियनच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त असते हे १९१६ साली स्टॅनली बेनेडिक्ट या शास्त्रज्ञाने दाखवले. दोष छुपा आहे, आनुवंशिक आहे, हे १९३८ साली सिद्ध झाले. पण तोवर, बहुधा ठळक ठिपक्यांची निवड करता करता, तो दोष साऱ्या जातीत असा भिनला होता की शुद्ध डाल्मेशियनमध्ये दोषाशिवायचा कुत्राच उरला नव्हता. सगळ्या मुली पाहून झाल्या, एकही पसंत नाही, आणि गावाबाहेर सोयरीक करायची नाही असा पंचांचा ठराव! अशा ठिकाणी तपासणी तरी काय करणार? ती निवड करायला मदत करते. निवडायला दोन तरी हवेत.

अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाचे एक आनुवंशशास्त्रज्ञ डाल्मेशियन पाळीत. १९७३ साली त्यांनी गावाबाहेर सोयरीक केली. एक पॉइंटर घेतला आणि एका डाल्मेशियन कुत्रीशी त्याची एकदाच जोड लावली. पॉइंटर म्हणजे न्यूकॅसलच्या त्या पहिल्या प्रदर्शनातलाच शिकारी. पिल्ले झाली ती ठिपक्यांच्या बाबतीत यथातथाच, पण त्यांच्या यकृताचे फाटक उघडे होते. त्यांतली निवडून पुन्हा डाल्मेशियनला दिली, त्यांची पुन्हा डाल्मेशियनला. दर पिढीत लघवी तपासायची, ज्याची चांगली त्याचीच पुढे जोड लावायची. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होतो. आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. दहा वेळा असे केले की हजारात एक भागही उरत नाही. उरतो तो तेवढा एक चांगला जनुक, कारण तो आपण लघवी तपासून मुद्दाम राखलेला असतो.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने यांतल्या दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. आणि मग जे झाले ते आपल्या कुठल्याही ज्ञातिमंडळात झाले असते. डाल्मेशियन क्लबाचे सभासद खवळले. रक्त बाटले! आज पॉइंटर, उद्या काय? विरोध इतका झाला की केनेल क्लबने त्यांच्या पुढच्या पिढ्यांची नोंदणी थांबवली. ठिपके होते, चाल होती, लघवी निर्मळ होती. फक्त खापर-खापर पणजोबांच्या जागी एक परकीय नाव होते.

शायबलसाहेबांनी काम सोडले नाही. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही हट्टी लोकांनी वहीबाहेरची कुत्री पिढ्यानपिढ्या सांभाळली. ज्यांना प्रदर्शनात स्थान नाही, ज्यांच्या पिल्लांना भाव नाही, अशी कुत्री पंचवीस-तीस वर्षे पोसायची म्हणजे काय, हे ज्याने रेशनच्या दिवसांत एक कुत्रा पाळला आहे त्यालाच समजेल. मला या सगळ्या इतिहासात बंदूकवाल्या ऑलिनसाहेबांपेक्षा हे लोक मोठे वाटतात. त्यांच्यापाशी ना प्रतिष्ठान होते ना लाल शाई. कुत्र्यांच्या लघवीच्या बाटल्या होत्या.

२००८ साली कॅलिफोर्नियातल्या डॅनिका बॅनॅश यांच्या गटाने त्या बिघडलेल्या फाटकाचा जनुक शोधून काढला. आता बाटल्यांचीही गरज उरली नाही; गालातून बोळा फिरवून पाठवला की झाले. हा शोध लावताना शायबलसाहेबांच्या वहीबाहेरच्या कुत्र्यांचा मोठाच उपयोग झाला, कारण चांगले फाटक असलेले डाल्मेशियन जगात तेवढेच होते. २०१० साली इंग्लंडच्या केनेल क्लबने अशी पहिली कुत्री नोंदवली आणि २०११ साली अमेरिकनांनीही दार उघडले. एका सोयरिकीला पंचांची मान्यता मिळायला अडतीस वर्षे लागली. तोवर वर आणि वधू दोघेही केव्हाच देवाघरी गेले होते.

ड्यूकला दुसऱ्यांदा खडे झाले ते सहाव्या वर्षी. त्या वेळी मूत्रपिंडेही थकली होती, आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नाही. मेजरसाहेबांनी दिवाणखान्यातली चौकट उतरवली. भिंतीवर चौकोनी फिकट डाग राहिला, तो दिवाळीच्या रंगापर्यंत तसाच होता. अमेरिकेतल्या कागदावर सही झाली ते तेच वर्ष होते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो वर्तमानपत्रांतून आला आहे. २००८ साली बीबीसीने खानदानी कुत्र्यांच्या रोगांवर एक माहितीपट दाखवला आणि इंग्लंडात हलकल्लोळ झाला. बीबीसीने स्वतःच दरवर्षी दाखवत असलेले क्रफ्ट्सचे प्रदर्शन दाखवणे बंद केले. केम्ब्रिजचे जीवशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेटसन यांनी २०१० साली चौकशीचा अहवाल दिला. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना बक्षिसानंतर पशुवैद्यापुढे उभे केले, तर सहा नापास झाले. बुलडॉग आणि पेकिनीज त्यांत होतेच. २०१९ साली बसक्या नाकाच्या कुत्र्यांसाठी श्वासाची परीक्षा निघाली: आधी छातीला नळी लावून ऐकायचे, मग तीन मिनिटे भरभर चालवायचे, मग पुन्हा ऐकायचे. तीन मिनिटांच्या त्या चालीनंतर माझी छाती कोणी ऐकू नये अशी माझी विनंती आहे. पण पगची ऐकलीच पाहिजे. आपल्याकडे २००३ च्या सुमारास मोबाईल फोनच्या एका जाहिरातीत एक पग मुलामागून चालत आला, आणि पुढे पाच-सात वर्षे पुण्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून पग धापा टाकताना दिसू लागले. त्या जाहिरातीत मुलगा सावकाश चालत होता, ही जाहिरातवाल्यांची दूरदृष्टी.

आपल्या सरकारनेही २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीची जोड लावायची नाही, वगैरे. कागद चांगला आहे. गल्लीच्या तोंडाशी टोपलीत पिल्ले घेऊन बसणाऱ्याने तो वाचला आहे का, हे त्याला विचारायला गेलो तर तो आधी विचारतो, "घ्यायचंय का नुसतंच बघताय?"

गेल्या वर्षी मेजरसाहेबांनी पुन्हा कुत्रा घ्यायचे ठरवले. या वेळी लॅब्रॅडॉर. एका पैदासकाराकडे आम्ही दोघे गेलो. त्याने अदबीने वंशावळ पुढे केली, भरपूर लाल शाईची. मेजरसाहेबांनी ती वाचली नाही. खिशातून भाच्याने लिहून दिलेला कागद काढला आणि म्हणाले, "आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे. डोळ्यांच्या पडद्याची जनुकीय तपासणी. कोपरांचेही एक्स-रे."

तो गृहस्थ कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे पाहू लागला. "साहेब, तुम्ही कुत्रा घेताय का मुलगी देताय?"

"मुलगी देताना नव्हतं विचारलं," मेजरसाहेब म्हणाले. "कुत्र्यासाठी विचारतोय."

घासाघीस झाली. ती पैशांची नव्हती. शेवटी असे ठरले, की कुत्री अजून पावणेदोन वर्षांची आहे, जोड लावायची आहे ती पुढच्या माजाला. तोवर एक्स-रे काढायचे, खर्च मेजरसाहेबांचा, आणि खुबे वाईट निघाले तर त्या कुत्रीची पिल्ले घ्यायचीच नाहीत. ही शेवटची अट त्या माणसाने दोनदा वाचली आणि बऱ्याच वेळाने सही केली. परत येताना रिक्षात मेजरसाहेबांनी माझ्या अंगठ्याची चौकशी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

परवा भाच्याकडे कुत्रीची प्लेट आली. त्याने ती उजेडासमोर धरली, पट्टी लावली, कोन मोजले आणि आई पास म्हणून सांगितले. बापाची प्लेट यायची आहे, बोळ्याचा रिपोर्ट यायला तीन आठवडे आहेत, पिल्ले तर अजून पोटातही नाहीत. मेजरसाहेबांनी गळपट्टा मात्र आणून ठेवला आहे.